दोन आखूड, एक लांब

हॉर्न आला तो मागच्या बाजूने.

मी आमच्या हॉटेलच्या कोठीच्या खोलीत पाटावर बसले होते. अंगाला हळद, कपाळाला मुंडावळ्या, कोपरापर्यंत हिरवा चुडा. हौसाआत्या माझ्या भुवयांवर कुंकवाचे ठिपके काढत होती, तेही श्वास रोखून. सगळं गाव वऱ्हाडाची वाट बघत पुढे हायवेच्या कडेला उभं होतं. बँडवाले घाम पुसत होते, नवरदेवाच्या मिरवणुकीचा घोडा शेपटीने माश्या वारत होता. आणि हॉर्न आला मागून. दोन आखूड, एक लांब.

"आत्या, आले!" मी ताडकन उठले. कुंकवाचा ठिपका ओघळत थेट नाकाच्या शेंड्यावर गेला.

"बस खाली! आले म्हंजे? बँड कुटं वाजतोय?"

"मागून आले."

"मागं काय हाय? मागं रान हाय."

"मागं नवा रस्ता हाय, आत्या!"

मी मागची खिडकी धाडकन उघडली. आमच्या परड्यापलीकडे पडीक वावर, वावरापलीकडे लोखंडी जाळीचं उंच कुंपण, आणि कुंपणापलीकडे चढत गेलेल्या भरावावरून नवा कोरा काँक्रीटचा रस्ता. त्या रस्त्यावरून एक निळी बस सुसाट चालली होती. तोंडाला केळीचे दोन खुंट बांधलेले, छतावर पताका फडफडतायत, खिडक्यांना उन्हासाठी पडदे ओढलेले. माझं वऱ्हाड! माझ्या डोळ्यांसमोरून, माझ्याच मांडवाच्या पाठीमागून, पुढच्या जिल्ह्याकडे निघालेलं!

आता हे कसं झालं ते सांगायला हवं.

आमच्या हॉटेलचं नाव 'हॉटेल चार नंबर'. समोरचा हायवे चार नंबरचा, म्हणून आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तेच नाव दिलं. त्या रस्त्याला कुणी हायवे म्हणतच नसे. 'चार नंबरवर म्हैस गेली', 'चार नंबरला कोथिंबीर स्वस्त लागलीय', असंच बोलायचं. त्या रस्त्यावर गाडी कुठेही थांबे. गाव दिसलं की ब्रेक मारायचा, चहा प्यायचा, पुढे जायचं. आम्हा सगळ्यांना रस्ता म्हणजे एवढंच माहीत होतं.

नवा रस्ता माझ्या लग्नाच्या आधी आठ दिवस सुरू झाला होता. आठ दिवस सगळं गाव संध्याकाळी वावरात बसून भुंगभुंग जाणाऱ्या गाड्या बघत होतं, सिनेमाचं तिकीट काढल्यासारखं. पण त्या रस्त्याला गावाचा फाटाच नव्हता. एकदा वर चढलं की उतरायचं ते थेट करंजवाडीला. तिथून चार नंबर पकडून उलटं आमच्या आंबेटाकीला यायचं म्हणजे तासाच्या वर वेळ. आम्हाला हे ठाऊक होतं. वऱ्हाडाला कुठलं ठाऊक असायला? नवा रस्ता बघायची हौस सगळ्यांनाच, ड्रायव्हर म्हणाला तास वाचेल, झालं. गाव दिसलं की उतरू, असं म्हणून चढले वर.

आणि तो हॉर्न. भानुदास, म्हणजे माझा होणारा नवरा, चार नंबरवरून दुधाचा टँकर न्यायचा. वळणावर आला की वाजवायचा, दोन आखूड, एक लांब. तो ऐकला की मी चहा टाकायची आणि टँकर थांबेपर्यंत चहाला उकळी येई. दोन वर्षं आमचं एवढंच चाललं होतं. कप देताना बोट लागलं तर मी आठवडाभर हवेत असायची. शेवटी आप्पांच्या लक्षात आलं, की ही पोरगी बाकीच्या गिऱ्हाइकांना अर्धा तास ताटकळत ठेवते आणि याचाच चहा तेवढा वेळेवर कसा होतो.

अडचण होती ती खंडूमामांची. भानुदासचे आईवडील तो लहान असतानाच गेले. मामांनी त्याला वाढवलं, टँकरही मामांचाच. आणि मामांना एकच मुलगी होती, चंद्रकला. मामाची मुलगी भाच्याला द्यायची, हे आमच्याकडे न बोलता ठरलेलंच असतं. सगळ्या भावकीने ते धरूनच चाललं होतं. भानुदासने जेव्हा आंबेटाकीच्या हॉटेलवालीचं नाव घेतलं, तेव्हा मामा दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. चंदाला काय वाटलं, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

साखरपुड्याला मामांनी आप्पांना सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "सोयरीक करतो. भाच्याच्या मनाबाहेर मी न्हाई. पर मुहूर्त साधला पायजे. चुकला तर देवाच्या मनात न्हाई, असं समजायचं आन् गप बसायचं." त्या सालातला तो शेवटचा मुहूर्त. नंतर गुरूचा अस्त लागत होता, आणि अस्त सरेपर्यंत मामांचं मन कुठल्या कुठे गेलं असतं. भानुदास मामांच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता. हे मला पक्कं माहीत होतं, आणि त्याबद्दल त्याचा रागही येत होता.

म्हणून ती बस पुढे जाताना बघितली आणि मी खिडकी तशीच टाकून पळाले.

"आप्पा!" मी कोठीतून, भटारखान्यातून, जिलबीच्या कढईला वळसा घालून थेट पुढच्या दारात. "आप्पा, वऱ्हाड मागनं चाललंय!"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. नाकाच्या शेंड्यावर कुंकू, मुंडावळ्या कानात गुंतलेल्या. त्यांना वाटलं पोरीला ऊन लागलं. पण तेवढ्यात लांबून ब्रेकचा कर्कश आवाज आला आणि गच्चीवर बसलेली पोरं ओरडली, "बस थांबली! बस थांबलीऽऽ!"

मग जी पळापळ झाली! सगळं गाव हॉटेलच्या मधूनच घुसलं. बँडवाले ढोल डोक्यावर घेऊन भटारखान्यातून आरपार. दीक्षितगुरुजी एका हातात पंचांग, दुसऱ्या हाताने धोतराचा सोगा सावरत. घोडा तेवढा हॉटेलला वळसा घालून आणावा लागला. आणि मी सगळ्यांच्या पुढे.

"अगं ए भवाने!" हौसाआत्या मागून किंचाळली. "नवऱ्याचं तोंड बघायचं न्हाय अंतरपाटाआधी!"

मी शेला डोक्यावरून पुढे ओढला आणि त्याच्या फटीतून पायाखालचं बघत पळत सुटले. वावरातल्या ढेकळांनी पायांची सालं निघाली, पण त्या वेळी कुणाला काय जाणवतंय!

कुंपणाशी पोचले तोवर बस भरावावर, कडेकडेने, मागे मागे येत होती. त्या रस्त्यावर मागे येणारी ती पहिलीच गाडी असणार. शेजारून गाड्या हॉर्नचा कल्लोळ करत जात होत्या. बस थांबली, दार उघडलं, आणि नऊवारी, पैठण्या, फेटे, रडणारी पोरं, सगळं भरावाच्या उतारावरून घसरत खाली आलं आणि कुंपणाच्या पलीकडे उभं राहिलं. आम्ही अलीकडे, ते पलीकडे. मधे पुरुषभर उंचीची जाळी आणि तिच्यावर काटेरी तार.

मग आप्पांनी सवयीने हात जोडले आणि म्हणाले, "या, या. प्रवास बरा झाला ना?"

"कसला बरा!" पलीकडून खंडूमामा गरजले. धिप्पाड माणूस, गुलाबी फेटा, कपाळावरची शीर तटतटलेली. "फाटा कुटं हाय तुमच्या गावचा?"

"फाटा न्हाई, मामा. करंजवाडीला उतरायचं आन् माघारी यायचं."

"किती वेळ?"

"तासाच्या वर जाईल."

मामांनी गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी घड्याळाकडे. "अर्धी घटकासुद्धा नाही हातात," गुरुजी म्हणाले.

मी शेल्याच्या फटीतून भानुदासला शोधत होते. तो मामांच्या मागे उभा होता. बाशिंग एका कानावर कललेलं, गालावर सीटच्या कापडाच्या रेघा उमटलेल्या. त्याच्याशेजारी चंदा. भानुदासला बहीण नाही, म्हणून करवलीचा करा तिच्या हातात दिलेला. इतक्या पळापळीत तिने त्यातलं पाणी सांडू दिलं नव्हतं.

"तार कापा!" आमच्यातलं कुणीतरी ओरडलं.

"पकड आणा, पकड!"

"पकड कुणाकडं हाय?"

पकड आणायला दोघं पळाले, आणि नेमका तेवढ्यात वरून भोंगा वाजला. रस्त्यावर गस्त घालणारी गाडी बसच्या मागे येऊन थांबली होती. टोपीवाला साहेब दारातून अर्धा बाहेर आला आणि कर्ण्यातून ओरडला, "ए! बस कुणाची? हलवा आधी! इथं थांबायला सक्त मनाई आहे! आणि जाळीला कुणी हात लावायचा नाही!"

"साहेब, लग्न हाय!"

"लग्न कार्यालयात करायचं! मागून ट्रक आला तर सगळ्यांचं तेरावं घालाल! पाच मिनिटं देतो. बसा गाडीत!"

सगळ्यांच्या माना मामांकडे वळल्या. सगळ्या म्हणजे सगळ्या. त्या माणसाने नुसतं 'चला, बसा' म्हटलं असतं तरी संपलं होतं. त्यांना खोटं बोलावं लागत नव्हतं, भांडावं लागत नव्हतं, काहीच वाईट करावं लागत नव्हतं. मुहूर्त चुकला असता, देवाच्या मनात नव्हतं असं सगळेच म्हणाले असते, आणि चंदाचा बाप चंदासह घरी गेला असता.

मामांनी फेटा काढला, घाम पुसला, पुन्हा घातला. भानुदासने मान खाली घातली होती. बोल रे, मी मनात म्हणत होते, बोल काहीतरी, दगडा! पण तो बोलला नाही. आणि मामांचं तोंड उघडलं.

"देवाच्या मनात..."

"मामा!"

आवाज माझा होता. नवरीने आवाज काढायचा नसतो, तेही नवऱ्याच्या मामावर तर नाहीच. हौसाआत्याने माझा दंड असा चिमटला की दोन दिवस काळानिळा होता. पण आता निघालं होतं तोंडातून.

"मामा, नवऱ्याला खांद्यावर घिऊन बोहल्यावर आणायचं काम कुणाचं?"

मामा माझ्याकडे बघत राहिले.

"तुमचंच ना? आमच्याकडं तरी मामाचंच आसतंय. नवऱ्याचे पाय भुईला लागू द्यायचे न्हाईत. मग आणा की! बोहलं आम्ही हितं आणतो, जाळीपाशी. तुमच्या खांद्यावरनं यवडं अंतर त्याला पार करवंना व्हय?"

मामांनी मान वळवून चंदाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. चंदाने करा छातीशी धरला आणि हळूच मान हलवली, हो म्हणून. तेव्हा मला वाटलं, ती पोरगी नुसतीच घाबरलीय.

मग मामा असे ओरडले की वरचा साहेबही दचकला. "सतरंजी आणा रं बसमधली! बघता काय माझ्या तोंडाकडं? भानू, चढ खांद्यावर!"

आणि पुढचं सगळं एका दमात झालं. सतरंजीची चौपट घडी काटेरी तारेवर पडली. आप्पांनी हॉटेलातून सोड्याच्या बाटल्यांचे लाकडी खोके आणवले, ते जाळीला खेटून रचले, वर पाट टाकले, झालं बोहलं! घोडेवाल्याला बोलावून घोडा जाळीला आडवा लावला. मामा गुडघ्यांवर बसले, भानुदास त्यांच्या खांद्यांवर उभा राहिला, आणि तो साठीला आलेला माणूस जाळी धरून, दात ओठ खात, एकेक गुडघा सरळ करत उभा राहिला. दोन्हीकडचं वऱ्हाड "हूंऽऽ" करत त्यांना जोर देत होतं.

"पाय टाक! पलीकडं टाक पाय!"

"घोडा धरा, घोडा!"

भानुदासने सतरंजीवर हात टेकून तंगडी पलीकडे टाकली. नेमक्या त्याच वेळी बँडवाल्यांना चेव आला आणि त्यांनी ढोलावर टिपरू हाणलं. घोडा बुजला. भानुदासची नवी विजार तारेला अडकून टरर्कन फाटली, बाशिंग वावरात पडलं, पण माणूस घोड्याच्या पाठीवर होता! उलटा. तोंड शेपटीकडे. पाय भुईला लागले नव्हते, आणि बाकी कशाला विचारतंय कोण?

"अंतरपाट!" गुरुजी किंचाळले.

त्याला घोड्यावरून सरळ पाटावर घेतलं. मी समोर. मधे अंतरपाट. मामाने भाच्याच्या पाठीशी उभं राहायचं असतं, तसे खंडूमामा त्याच्या पाठीशीच उभे होते, फक्त मधे जाळी होती. त्यांनी जाळीतून चार बोटं आत घातली आणि भानुदासच्या उपरण्याचं टोक धरून ठेवलं. गुरुजींनी मंगलाष्टकं कधी म्हटली नसतील इतक्या वेगाने सुरू केली. पलीकडचं वऱ्हाड भरावाच्या उतारावर बाकांवर बसावं तसं रांगेने बसलं आणि दर 'सावधान'ला तिकडून जाळीवरून अक्षतांचा मारा होऊ लागला. अर्ध्या जाळीला लागून परत त्यांच्याच डोक्यावर पडत होत्या. जाणाऱ्या गाड्या वेग कमी करून बघायला लागल्या. साहेबाने आधी शिट्ट्या फुंकल्या, मग कपाळाला हात लावला, मग बसच्या मागे नारंगी प्लास्टिकचे शंकू मांडून वाहनं लांबून वळवायला सुरुवात केली. शेवटच्या 'सावधान'ला मी बघितलं, कुणीतरी त्याच्याही मुठीत अक्षता दिल्या होत्या आणि तो त्या मन लावून टाकत होता.

अंतरपाट खाली आला. भानुदासने माझ्या नाकावरच्या कुंकवाकडे बघितलं आणि फिस्सकन हसला. मी त्याच्या फाटक्या विजारीकडे बघितलं. हार घालताना आम्हा दोघांनाही हसू आवरत नव्हतं. मुहूर्त साधला होता!

वऱ्हाड पुन्हा बसमध्ये बसलं, करंजवाडीला उतरलं आणि चार नंबरवरून जेवायला आलं, तेव्हा जिलब्या गार झाल्या होत्या. मामांच्या बोटांना जाळीने कापलं होतं. त्यांनी ते कुणाला दाखवलं नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाले, "तोंडाची लई फाटकी हायेस. आसंच ऱ्हा."

त्याला आता बरीच वर्षं झाली. हॉटेल आम्हीच चालवतो. हायवेचा सरकारी नंबरही मधे बदलला, पण आमची पाटी तीच आहे. नव्या रस्त्याने जाणारे जातात, पण ज्यांना रमतगमत जायचंय ते खालूनच येतात, आणि अशांनी आमच्या खुर्च्या भरतात. भानुदासने टँकर कधीच सोडला. आता तो हॉटेलचा बाजार आणायला टेम्पो घेऊन जातो आणि परतताना वळणावर हॉर्न वाजवतो. कुणी नवं गिऱ्हाईक दिसलं की लग्नाची गोष्ट तो स्वतः रंगवून सांगतो. "मी तो हॉर्न मारला म्हणून, नाहीतर..." असा सुरू होतो. मी दर वेळी कौतुकाने ऐकायचे.

खंडूमामा गेले त्या वर्षी चंदा आमच्याकडे दोन दिवस राहायला आली. तिला पनवेलला दिलेली, नवऱ्याचं भांड्यांचं दुकान, मुलगी कॉलेजात. दुपारी गर्दी ओसरल्यावर आम्ही दोघी मागच्या परड्यात कोथिंबीर निवडत बसलो होतो. भरावावरून गाड्या जात होत्या. मी सहज म्हटलं, "बरं झालं बाई, त्या दिवशी यांनी हॉर्न मारला."

चंदा हसली. "भानूनं? तो तर घोरत व्हता. तोंड उघडं टाकून."

"मग कुणी मारला?"

तिने हातातली जुडी पूर्ण निवडली.

"बाबा पुढच्या सीटवर व्हते, ड्रायव्हरच्या शेजारी. मी त्यांच्या मागं. लांबून तुमचा मांडव दिसला. बाबांनीही बघितला. मी बघितलं त्यांनी बघितलेलं. मला वाटलं, आता थांबवा म्हणतील. तर त्यांनी मान वळवली आन् दुसऱ्या बाजूच्या डोंगराकडं बघत बसले." तिने पुढची जुडी सोडली. "माझ्यासाठी गं. दुसऱ्या कशासाठी न्हाई. आयुष्यात त्या माणसानं एवढीच एक लबाडी केली."

माझ्या हातातली कोथिंबीर तशीच राहिली. जाळीतून आलेली ती चार बोटं डोळ्यांसमोर आली.

"मग तू..."

"मी उठले. ड्रायव्हरच्या अंगावरनं वाकले आन् दाबला. दोन आखूड, एक लांब. भानू खडबडून जागा झाला, मग सगळी बस ओरडायला लागली."

"पण तुला कसं माहीत, तो हॉर्न..."

"टँकर सकाळी आमच्या दारातनं निघायचा ना. तेव्हाही तो आसाच वाजवायचा." तिने देठं गोळा करून बाजूला सारली. "मी उंबऱ्यात येऊन उभी ऱ्हायची. मला वाटायचं, माझ्यासाठीच वाजवतोय."

मी तिचा हात धरला. तिने धरू दिला.

तेवढ्यात पुढून, चार नंबरच्या वळणावरून, टेम्पोचा हॉर्न आला. दोन आखूड, एक लांब. आम्ही दोघींनी एकदमच मान वर केली.

मग चंदानेच माझा हात सोडवला, माझ्या मांडीवरची कोथिंबीर आपल्या मांडीवर ओढून घेतली आणि म्हणाली, "जा, चहा टाक. आला तुझा नवरा."